जंपिंग स्पायडर अचानक आजारी पडला तर आधी त्याने काय खाल्लं ते आठवा

गेल्या वर्षी गणेश चवथीच्या चार दिवस आधी रात्री अकरा वाजता डब्यात डोकावलो तर आमची बायो, म्हणजे पाळलेली जंपिंग स्पायडर, जाळं न लावता उडी मारून शिकार करणारा बारीक कोळी, गोल गोल फिरत होती. एरवी मागे सरकणं हा तिचा नखराच आहे, समोर बोट नेलं की दोन पावलं मागे आणि मग तोंड वर करून टकामका बघत बसणार, सगळेच जंपिंग स्पायडर करतात. हे तसं नव्हतं. पुढचे दोन पाय थरथरत होते, एका बाजूला कलंडत होती आणि काचेवर चढायला गेली की घसरून टप्पकन खाली. जो प्राणी गुळगुळीत काचेवर उलटा लटकून माशी पकडतो तो काचेवरून पडायला लागला म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय एवढं कळलं, पण काय ते कळेना. सकाळीच जेवली होती, पोट गोल होतं, पाणी दिलेलं, घरात फवारणी नाही, काही नाही.

विष आमच्याकडे नव्हतं, शेजारी होतं. गोव्यात डिचोलीतली आमची बिल्डिंग जुनी, मोरीचा पाईप वरपासून खालपर्यंत एकच, आणि शेजारच्या वहिनींनी चवथीची साफसफाई म्हणून दोन दिवस आधी स्वयंपाकघरात झुरळांचं जेल लावून घेतलेलं. मी त्या सकाळी सिंकखाली दोन बारीक झुरळाची पिल्लं पकडली, चांगली ठणठणीत पळत होती, एक बायोला दिलं, एक शेजारच्या डब्यातल्या नराला. नर त्याच रात्री गेला. लॅबमध्ये काही तपासून घेतलं नाही, कोण घेणार, पण दोन वेगळ्या डब्यांतले दोन कोळी एकाच दिवशी एकसारखे थरथरतात आणि दोघांत समान गोष्ट फक्त ती दोन पिल्लं, तर मला अजून पुरावा नको.

झुरळाचं जेल मुद्दामच हळू काम करतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं काहीतरी असतं, झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही, आपल्या बिळात परत जातं, तिथे मरतं, आणि बाकीची झुरळं त्याची विष्ठा आणि त्याचं मढं खाऊन मरतात, पिल्लं तर बहुतेक अशीच मरतात. म्हणजे जेल ज्या घरात लावलं त्या घरात पाऊलही न टाकलेलं पिल्लू विष घेऊन तुमच्या सिंकखाली पळत असू शकतं, आणि पळताना ते आजारी दिसत नाही. किडा जिवंत आहे, चपळ आहे, म्हणून तो चांगला, हा माझा हिशोब तिथेच चुकला. तो काय खाऊन आलाय ते बघायला हवं होतं.

आत्ता डब्यासमोर घाबरून बसला असाल तर

बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. डब्यात अर्धवट खाल्लेला किंवा जिवंत किडा असेल तो बाहेर काढा, पण फेकू नका, झाकणाच्या डबीत ठेवून द्या, नंतर तो कसा वागतो ते बघायचंय. मग कोळ्याला दुसऱ्या डब्यात हलवा. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा चालतो, गरम सुईने दोन्ही बाजूंना भोकं पाडायची, नुसत्या गरम पाण्याने धुवायचा, भांड्याचा साबण नको, सुगंधी टिश्यू नको, तळाला साधा बिनवासाचा टिश्यू. हात लावण्याआधी हात साध्या पाण्याने नीट चोळून धुवा, डासांचं क्रीम लावलेल्या हाताने कोळी उचलणं म्हणजे दुसरा डोस.

मग पाणी. इथे घाई करू नका कारण कोळी बुडवून मारणं फार सोपं आहे. चित्रकलेचा अगदी बारीक ब्रश घ्या, साध्या पाण्यात बुडवा, टोकाला एक छोटा थेंब लटकेल इतकंच, आणि तो थेंब जबड्यांच्या खालच्या बाजूला नुसता टेकवा. प्यायचं असेल तर थेंब हळूहळू लहान होताना दिसतो, बघायला छान वाटतं खरं तर. पाणी पोटाखाली जाऊ देऊ नका, कारण त्यांची बुक लंग्ज म्हणजे पुस्तकाच्या पानांसारखी फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला कंबरेजवळ असतात, तिथे थेंब पसरला तर श्वासाची वाट बंद. पीत नसेल तर जबरदस्ती नको, डब्याच्या भिंतीवर दोन-तीन थेंब ठेवा आणि बाजूला व्हा.

आता पाय बघा, कारण पायांवरून बरंच कळतं. पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले असतील तर ते बहुतेक पाण्याच्या कमतरतेचं किंवा शेवटाचं लक्षण. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारा स्नायूच नसतो, तो पाय आतल्या द्रवाच्या दाबाने ताणतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने चालतो ना तसं, आणि वाकवायला मात्र स्नायू असतात. दाब गेला की पाय आपोआप आत वळतात. अशा वेळी डब्याच्या एका कोपऱ्यात ओला करून पिळलेला टिश्यू ठेवून तीन-चार तास थांबा, बऱ्याचदा कोळी उठून बसतो. पण भोकं उघडी हवीत, आणि पावसाळ्यात हा प्रकार रात्रभर करू नका, जुलैमध्ये आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते तर ओल्या टिश्यूचं काय होईल.

पाय आवळलेले नाहीत पण थरथरतायत, झटके येतायत, चालताना पाय एकमेकांत अडकतायत, पकड सुटतेय, तर तो मज्जातंतूंचा गोंधळ. बहुतेक कीटकनाशकं मज्जातंतूंवरच हल्ला करतात, पायरेथ्रॉइड गटातली नसांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतात आणि नस थांबायचं नावच घेत नाही, फिप्रोनिल नसांना शांत करणारा ब्रेकच काढून घेतं. याच्यावर आपल्याकडे घरी उतारा नाही. काळोख, शांतता, स्वच्छ हवा, २५-२८ अंशांच्या आसपासची खोली, पाण्याचा थेंब दिवसातून दोनदा, एवढंच हातात आहे. डोस थोडा असेल तर कोळी काही दिवसांत सावरतो, जास्त असेल तर नाही. मध, साखरेचं पाणी, ग्लुकोज, हळद (हो, मला हळद सुचवणारे भेटलेत) काहीही घालू नका. आणि खायला देऊ नका, अशक्त कोळ्यासमोर जिवंत किडा टाकला तर कोण कोणाला खाईल सांगता येत नाही.

पाय तुटलाय किंवा पोटाला चावा बसलाय आणि फिकट निळसर, जवळपास पाण्यासारखा थेंब येतोय, तर ते रक्त. पायातून येत असेल तर इअरबडच्या टोकाने चिमटीभर कॉर्नफ्लोअर त्या जागी दाबायचं, बरेचदा थांबतं. लहान वयाचा असेल तर पुढच्या एक-दोन काती टाकताना पाय परत येतो, पूर्ण वाढलेल्याला येत नाही, पण सात पायांवर मजेत जगतात. पोटातून रक्त येत असेल तर मात्र आशा कमी.

आजारी नसतोच कधी कधी

हे सांगणं गरजेचं आहे कारण मला मेसेज येतात त्यातले निम्मे तरी कात टाकणाऱ्या कोळ्यांचे असतात. खाणं बंद, पोट गरगरीत, रंग मळकट, वरच्या कोपऱ्यात जाळ्याची जाडजूड पिशवी विणून आत बसलाय, आठवडा झाला बाहेर नाही. त्याला काही झालेलं नाही, तो कपडे बदलतोय. पिशवी फाडून बघू नका, हलवून बघू नका, पिशवीवर पाणी मारू नका, डब्याच्या दुसऱ्या बाजूला थोडी ओल ठेवा आणि आत एकही जिवंत किडा राहू देऊ नका. कात टाकल्यावरही दोन-तीन दिवस जबडे कडक होईपर्यंत खायला नको.

दुसरं, झोप. रात्री एका धाग्यावर लटकून किंवा पिशवीत पडून झोपलेला कोळी मधूनच पाय आवळतो, झटके देतो, आणि पहिल्यांदा बघणारा घाबरतो. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या डॅनिएला रोस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एव्हार्का आर्क्युएटा नावाच्या जंपिंग स्पायडरची पिल्लं रात्रभर कॅमेऱ्याखाली ठेवली, पिल्लांचं अंग पारदर्शक असल्याने आत डोळ्यांच्या नळ्या हलताना दिसतात, आणि आपल्या स्वप्नांच्या झोपेत डोळे हलतात तसे ते ठराविक वेळाने हलत होते, सोबत पायांना झटके. तेव्हा रात्री झटके देतोय पण हात जवळ नेल्यावर उठून नीट बसतो, तर झोपमोड केल्याबद्दल माफी मागा आणि लाइट बंद करा. विषबाधेचे झटके जागेपणी, चालताना आणि सतत असतात.

तिसरं, म्हातारपण. हे छोटे जीव, साधारण वर्ष, फार तर दीड-दोन वर्षं, त्यात नर आधी जातात. हळूहळू नेम चुकायला लागतो, उडी कमी पडते, भिंतीवर चढताना थांबतो. हे आठवड्यांमध्ये होतं, एका रात्रीत नाही. अंडी घातलेली मादीही पिशवी सोडत नाही आणि जेवत नाही, तिला पाणी द्या आणि सोडून द्या.

किडे कुठले आणि कुठले नाहीत

माझ्याकडे आहेत ते घराच्या भिंतीवरचेच, प्लेक्सिपस पायकुली, जगभरच्या उष्ण प्रदेशात माणसाच्या घराच्या आसऱ्याने राहणारी जात, मादी सेंटीमीटरभर. बरेच जण फिडिपस रेगियस पाळतात, ती मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली आणि कॅरिबियन बेटांची, अंगाने मोठी आणि दिसायला टेडी बेअर. खाण्याचे नियम दोघांना तेच. (मोलेच्या जंगलातून एखादा सुंदर कोळी डबीत घालून आणायची कोणाला हुक्की येत असेल तर तो अभयारण्याचा भाग आहे, तिथून काहीही उचलणं बेकायदा आहे.)

बाहेरचे किडे पकडून देणं फुकट आणि सोपं, आणि गोव्यात किड्यांना तोटा नाही, पण मी आता जवळजवळ बंद केलंय. मोहोर येतो तेव्हा आंब्यावर फवारणी, काजूवर टी मॉस्किटो नावाच्या ढेकणासाठी फवारणी, पावसाळ्यात कुळागरात म्हणजे पोफळीच्या बागेत सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, शेतात भातावर काय काय. आमच्या मामाच्या भाटात म्हणजे बागायतीत काहीच मारत नाहीत असं मामा छातीठोक सांगतो, पण नाकतोडा काही सातबारा बघून उडत नाही, शेजारच्या भाटातून येतो. डेंगीच्या दिवसांत धूर मारणारी गाडी आली की त्या वाडीतले किडे मी निदान दोन आठवडे वर्ज्य धरतो. रस्त्याच्या दिव्याखालचे पतंग त्यातच आले. नुस्त्याच्या म्हणजे मासळीच्या बाजारातल्या माशा दिसतात गुबगुबीत, पण दुकानदार माशा मारायला साखरेसारखे विषारी दाणे टाकतात, त्यातली कुठली माशी ते चाटून आली सांगा बघू.

काही किडे जात्याच नकोत. काजवे तर अजिबात नाही. मे अखेर पहिल्या पावसाबरोबर झाडं लखलखतात आणि पोरं डबीत भरून आणतात, पण अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांत ल्युसिब्युफॅजिन नावाचं विष सापडलंय, पाळलेले सरडे एखाद-दुसरा काजवा खाऊन मेलेत, आणि आपल्या काजव्यावर प्रयोग करायला माझा कोळी फुकट आलेला नाही. रुईवरच्या अळ्या नकोत, रुईच्या चिकातलं हृदयाला घातक विष त्या अंगात साठवतात. हुमले म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या नकोत, ते चावतात आणि आम्ल फवारतात, एकाच्या मागे शंभर येतात. भडक लाल-काळे, नारिंगी-काळे रंग असलेलं काहीही नको, त्यांनी पाटी लावलीय ती वाचा.

आणि बाहेरच्या किड्यांबरोबर येणारे पाहुणे. मर्मिथिड नावाचे सुतासारखे जंत कोळ्याच्या पोटात वाढतात, कोळी खात नसतानाही पोट एका बाजूने फुगत जातं, सुस्त होतो, पाण्याकडे ओढ घेतो, आणि शेवटी जंत पोट फाडून बाहेर येतो, कोळ्याच्या लांबीच्या कितीतरी पट लांब. हा प्रकार भिंतीवरून पकडून आणलेल्या कोळ्यात आधीपासूनच असू शकतो, नाहीतर पाण्यात वाढलेला किडा खाऊन येऊ शकतो. काही इलाज नाही. दुसऱ्या कोळ्याला त्यातून लागण होण्याची भीती घरात फारशी नसते, पण डबा उकळत्या पाण्याने धुवा.

मग दुकान. मडगाव-म्हापशाच्या बाजूला माशांच्या टाक्या विकणाऱ्यांकडे मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), कधी रातकिडे मिळतात, बरेचसे कुरिअरने मागवतात. दुकानातला किडा म्हणजे सुरक्षित असं नाही, फक्त त्याला विचारायला माणूस असतो. माल कधी आला, काय खायला घालता, दुकानात कॉइल किंवा मशीन लावता का, एवढं विचारा. मला एकदा मिळालेले रातकिडे घरी आणल्यावर दोन दिवसांत निम्मे मेले, काळे पडलेले, डबीला कुजका वास. रातकिड्यांचा स्वतःचा एक व्हायरस असतो, डेन्सोव्हायरस, त्याने परदेशात मोठमोठे रातकिडा फार्म बंद पाडलेत, तो कोळ्यांना होतो असं नाही, पण मरायला टेकलेला, सडत चाललेला किडा मी कोळ्यापुढे का टाकू.

म्हणून आता माझ्याकडे क्वारंटाइनचा डबा आहे. आलेला कुठलाही किडा आधी त्यात पाच ते सात दिवस. खायला गाजराचे तुकडे, पण साल काढून, आणि ओट्स. पाण्याला वाटी नाही, गाजरातलंच पाणी. रोज रात्री टॉर्च मारून बघायचं: कोण उलटा पडून पाय हवेत हलवतोय, कोण थरथरत चालतोय, कोण सरळ रेषेत चालूच शकत नाही. उलटा पडून सहाही पाय सायकल मारल्यासारखे चालवणारं झुरळ एकदा बघितलंत की विषबाधा कशी दिसते ते आयुष्यभर लक्षात राहील. असा एक दिसला तरी ती सगळी खेप बाद. सात दिवस धडधाकट राहिले तर जेलसारखं हळू विषही बहुतेक उघडं पडतं, हा त्यातला हिशोब.

आणि या डब्यात घालायचं धान्य आपल्या स्वयंपाकघरातून घेताना थांबा. आपल्याकडे तांदूळ, डाळी, गहू यांना पोरकिडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळायची पद्धत आहे, माझी आईच चोळते, आणि बोरिक पावडर हेच झुरळांचं जुनं विष आहे. माझ्या पहिल्या मीलवर्मना मी घरच्या दळणातला कोंडा घातला होता, तीन आठवड्यांत डबा शांत. आईला विचारलं तेव्हा म्हणाली, अरे गव्हाला लावलेलं की मी, तू विचारलंस कुठे. कडुनिंबाचा पाला घातलेलंही नको. बाजारातून बंद पाकीट ओट्स आणा, नाहीतर गिरणीतून न चोळलेल्या गव्हाचा कोंडा. आणि धान्यात घालायच्या त्या गोळ्या असतात ना, त्या तर माणसालाही मारतात, त्या घरात असतील तर कोळ्याचा विषय सोडा आणि आधी त्या बाहेर काढा.

सगळ्यात बिनघोर म्हणजे फळमाशी घरी वाढवणं. एक पिकलेलं केळं, मयडे गावचं असेल तर माशा खूश, नसेल तर कुठलंही, पण साल फेकून द्या, फवारणी सालीवर असते. केळं कुस्करा, दोन चमचे ओट्स, चिमूटभर यीस्ट, आणि चमचाभर नारळाचं विनेगर, त्याने बुरशी उशिरा येते. काचेच्या बरणीत दोन बोटं भर घाला, माशांना बसायला अंड्यांच्या ट्रेचा तुकडा उभा ठेवा, बरणी दोन दिवस उघडी ठेवली की गावठी माशा आपणहून येतात, काजूच्या दिवसांत घरात बोंडू म्हणजे काजूचं फळ असेल तर तासाभरात. मग जुन्या सुती कापडाने तोंड बांधा. २५ अंशांना साधारण दहा-बारा दिवसांत नवी पिढी. एप्रिल-मे मध्ये मात्र बरणी माठाच्या बाजूला जमिनीवर ठेवा, सतत ३० अंशांच्या वर राहिलं की नर माशा वांझ होतात आणि बरणीतली पैदास थांबते. गावठी माशी उडते, म्हणून द्यायच्या आधी छोट्या डबीत तीन-चार मिनिटं फ्रीजमध्ये, सुस्तावली की कोळ्याच्या डब्यात झटकायची. एवढी छोटी माशी मोठ्या मादीला पुरत नाही, पाच-सहा द्या, नाहीतर त्याच पद्धतीने घरमाशी वाढवा, पण वासासाठी घरच्यांची परवानगी आधी काढा, मी काढली नव्हती.

आकाराचं थोडक्यात: किडा कोळ्याच्या अंगाएवढा किंवा लहान. रातकिडा आणि मीलवर्म डब्यात रात्रभर सोडू नका, कात टाकणाऱ्या मऊ कोळ्याला ते कुरतडतात. मीलवर्म चिमट्याने डोकं दाबून द्या. पोट गोल असेल तर आज नाही दिलं तरी चालतं, मोठ्याला आठवड्यातून दोनदा बास.

खाणं स्वच्छ आणि हवा घाण, असं नको

डासांचं लिक्विड मशीन, कॉइल, खडू, स्प्रे, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडीचे थेंब, हे सगळं कीटकनाशकच आहे आणि कीटक कोण आणि कोळी कोण हा फरक बघायला ते थांबत नाही. ज्या खोलीत डबा आहे त्या खोलीत मशीन नको. डास आहेत हे मान्य, म्हणून मी मच्छरदाणी लावतो, आजीच्या काळातली खाट आणि चार दांडे परत काढले. धूर मारायची गाडी गल्लीत शिरली की खिडक्या बंद, डबा आतल्या खोलीत, वर ओला पिळलेला टॉवेल सैल, गाडी गेल्यावर तासाभराने टॉवेल बाजूला आणि मग खिडक्या उघडायच्या. कुत्र्याला थेंब टाकले असतील तर त्याला कुरवाळलेल्या हाताने डबा उघडू नका. शेजाऱ्यांना आता मी सरळ विचारतो, वहिनी पेस्ट कंट्रोल कधी करणार. त्यांना वाटतं मला झुरळांचा त्रास आहे.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी रोजच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहितो, बायो, माशी ४, बरणी दुसरी. काही बिघडलं की मागचे तीन-चार दिवस वाचायचे: कुठल्या खेपेतला किडा, घरात काय फवारलं, कुठलं नवीन लाकूड किंवा रोप डब्यात ठेवलं, फरशी कशाने पुसली. एकाच खेपेतलं खाल्लेले दोन कोळी आजारी असतील तर किडा दोषी, एकाच खोलीतले न जेवलेलेही आजारी असतील तर हवा दोषी. चिठ्ठी नसेल तर आपण फक्त आठवत बसतो, आणि मला काल काय जेवलो तेही आठवत नाही.

बायोचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीही थरथर तशीच, फक्त ब्रशवरचा थेंब प्यायली. तिसऱ्या दिवशी टिश्यूवर सरळ चालली, भिंतीवर नाही. पाचव्या दिवशी चवथ, घरात आरत्या, पाहुणे, माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती चौकट) पोरांचा गोंधळ, डबा आतल्या कपाटात, रात्री बघितलं तर झाकणाला उलटी चिकटलेली. नवव्या दिवशी फ्रीजमध्ये सुस्तावलेली एक फळमाशी दिली, पहिली उडी चुकली, दुसरी बसली. नंतर दोनदा कात टाकली.

बाद केलेल्या किड्यांचं एक. बागेत सोडू नका, विष खाल्लेला किडा चिमणी खाईल, आणि कुरिअरने आलेल्या परक्या जातीचा किडा आपल्या भाटात सोडण्याचं काही कारण नाही. डबी घट्ट बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये, सकाळी कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात नाही, ज्याचा परत काही उपयोग होत नाही त्या कचऱ्याच्या पिशवीत. डबीवर मार्करने मोठ्या अक्षरात किडे असं लिहा. मी लिहिलं नव्हतं, आणि आईने ती किसलेल्या खोबऱ्याची समजून सोलकढीच्या दिवशी उघडली.